हैदराबादेत तुम्ही कुठं जेवत होतात

रंगनाथराव बोलून गेले नसते तर मी अजून तुमच्यासाठी रडतच बसले असते. रडणं त्या दिवसापासून बंद झालं. आता नुसता राग येतो, आणि तो काढायला तुम्ही समोर नाही याचा आणखी राग येतो. लिहा-वाचायला तुम्हीच शिकवलंत मला, सासूबाई देवळात गेल्या की माजघराचं दार लोटून, आपल्या वामनच्या फुटक्या पाटीवर. तेव्हा आता सोसा. गेलेल्या माणसाला उलटून बोलता येत नाही, आणि या घरात माझं बोलणं कुणी मधे न तोडता ऐकायची ही पहिलीच वेळ आहे.

तुम्ही माझ्याशी शेवटचं काय बोललात ते आठवतं का? बायका विचारतात, जाताना काय म्हणाले हो? मी सांगते, काही नाही, देवीचं नाव घेतलं. खरं कसं सांगू? तापात डोळे उघडलेत, मी चमच्यानं पेज घातली, आणि तुम्ही म्हणालात, "मीठ कमी आहे." झालं. एवढ्या वर्षांच्या संसाराचा समारोप हा. मी उठून मीठ आणायला गेले आणि तेवढ्यात तुम्ही पुढं निघून गेलात. मिठाची चिमूट हातातच राहिली.

भेटायला येणारी माणसं तुमच्या पाठांतराबद्दल फारसं बोलली नाहीत. तुमच्या सल्ल्याबद्दल बोलली. परगावी निघालेला तुळजापूरचा माणूस आधी आपल्या ओट्यावर येऊन बसायचा. "नाना, सोलापूरला चाललोय, उतरू कुठं?" मग तुम्ही पानाचा डबा पुढं ओढायचात, आणि तुमची स्वारी खुलायची. स्टेशनासमोरच्या लॉजात ढेकूण आहेत, तिथं पाठ टेकायची नाही. धर्मशाळेत जागा मिळते पण नळाला पाणी पहाटेच, उठवत असेल तर जा. खानावळीत सगळ्यांच्या मागून गेलात तर वरणात पाणी वाढवलेलं असतं. कज्जाच्या पेशीला हैदराबादला चाललात का? मग सुलतान बाजारात उतरा, बाकी कुठं फिरकू नका. असं तुमचं चालायचं, आणि मी आत भाकरी थापत ऐकायची. या माणसाला हे सगळं कसं ठाऊक, याचं मला कौतुक वाटायचं. एकदा विचारलंही होतं. तुम्ही म्हणालात, "यजमान सांगतात. आपण कुठं जातो हॉटेलात? देवीच्या उपाध्यानं हॉटेलाची पायरी चढायची नसते."

मी विश्वास ठेवला. का ठेवू नये? आपलं घर उपाध्यांचं. गावोगावचे यजमान देवीला आले की आपल्याच सोप्यात पथाऱ्या टाकायचे, आपल्याच पंगतीला जेवायचे. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा, नवरात्र, चूल कधी थंड म्हणून झाली नाही. भूमकडचे बैलगाडीनं यायचे, नळदुर्गकडचे कानडी बोलत यायचे, मोगलाईची हद्द ओलांडून सोलापूरचे यायचे. आले की तुम्ही ओट्यावरूनच हाक द्यायचात, "अगं, पाच-सात पानं वाढव." वाढव म्हणजे काय, तर पुरण पुन्हा वाटायला घे, कणीक पुन्हा मळ. कुणी म्हणालं, काकूंना त्रास नको, तर तुमचं उत्तर ठरलेलं. "करेल की ती."

ते जेवून उठले, पुरुष उठले, पोरं उठली, सासूबाईंचा फराळ झाला, की मी बसायची. तेव्हा वरण गार झालेलं, भाताची ढेकळं झालेली, पोळी वातड. माझं पान मीच वाढून घ्यायची आणि मीच उचलायची. याबद्दल मी कधी तक्रार केली नाही. सगळ्याच घरांत बायका अशाच जेवायच्या. तक्रार करायची ही कल्पनाच तुम्ही माझ्या डोक्यात घातलीत, तुमच्या त्या एका वाक्यानं.

ते वाक्य आपल्या कमलीच्या लग्नाच्या वेळचं. महिनाभर घरात पाहुणे. कढईतलं तेल उडून माझा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला होता. तुम्ही त्याला कोरफड लावत होतात. लावताना तुमचे डोळे भरून आले होते, हे मी लिहिलंच पाहिजे. बायकोच्या हाताला कोरफड लावणारा उपाध्या आपल्या गल्लीत दुसरा नव्हता. हात फुंकत फुंकत तुम्ही म्हणालात, "पुढच्या पेशीला तूही चल हैदराबादला. शहर बघ. चार दिवस चुलीचं तोंड बघायचं नाही. सुलतान बाजारात बायकांना बसायला पडद्याची खोली असते हॉटेलात. बसायचं, आणि गरम गरम ताट समोर येईल."

मी म्हणाले, "हॉटेलात? आपण?"

"परगावी सगळं चालतं," तुम्ही म्हणालात. "मी सांगतोय न."

ते ताट मी किती वेळा मनात जेवले असेन. पदार्थांचं मला अप्रूप नव्हतं. पुरण म्हणू नका, वडे म्हणू नका, सगळं माझ्या हाताखालून गेलेलं. मला फक्त बसायचं होतं. आपण दोघं समोरासमोर बसलोय, आणि तिसराच कुणी वाढतोय. वाफ येतेय, आणि ती माझ्या पानातून येतेय. एवढंच हवं होतं.

पुढची पेशी आली. देवीच्या पूजेच्या पाळीचा भाऊबंदांशी वाद, त्याची ती पेशी म्हणजे मारुतीचं शेपूट, पण त्या वेळी मी तिचे आभारच मानले. आयुष्यात पहिल्यांदा मी प्रवासाला दशम्या केल्या नाहीत. शेजारच्या दुर्गाकाकू बघायला आल्या, "अगं, शिदोरी कुठाय?" मी तोऱ्यात म्हणाले, "आम्ही हॉटेलात जेवणार." त्यांनी पदर तोंडाला लावला. करोडगिरीच्या जकात नाक्यावर शिपायानं माझं गाठोडं उलटंपालटं केलं, त्यालाही खायचं काही सापडलं नाही. सोलापुरात गाडी बदलताना तुम्ही म्हणालात, आता हैदराबादलाच जेवू, भूक राखून ठेव. राखली. वाडीला केळी घेतलीत तुम्ही, त्यातलंही मी एकच खाल्लं.

नामपल्लीला उतरलो. टांगेवाला उर्दूत काहीबाही बोलला, तुम्ही त्याला उर्दूतच उत्तर दिलंत. टांगा सुटल्यावर मी विचारलं, "हॉटेल लांब आहे का?" तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "गौलीपुऱ्यात माणिकरावांकडं उतरायचं. गावात येऊन यजमानाच्या घरी उतरलो नाही हे त्यांना कळलं तर मनाला लागेल त्यांच्या."

मला वाटलं, उतरायचं तिथं, जेवायचं हॉटेलात. मी अशी साधी.

माणिकराव आणि गंगाबाई देवमाणसं. त्यांच्यावर माझा राग नाही. उपाध्येबाई घरी आल्या म्हणून गंगाबाईंनी माझे पाय धुतले, मला ओशाळल्यासारखं झालं. मागची पडवी सारवून घेतली, कोरी मडकी आणवली, चूल नव्यानं मांडून दिली. मग सुपांत शिधा आला. तांदूळ, डाळ, कणीक, तूप, गूळ, वांगी, सगळं निवडक, जसं देवीला आणतात तसं. आपण ब्राह्मण, यजमान मराठा. त्यांच्या हातचं शिजलेलं आपल्याला चालायचं नाही, म्हणून उपाध्या घरी आला की कोरडा शिधा द्यायचा आणि उपाध्यानं तो आपल्या हातानं शिजवून खायचा, ही रीत. आपल्या हातानं म्हणजे कुणाच्या हातानं, ते रीत सांगत नाही.

मी प्रवासातल्या साडीतच उभी होते, सकाळपासून एका केळ्यावर. गंगाबाई फुंकणी माझ्या हातात देताना म्हणाल्या, "काकू, तुमाला इथं तरी इसावा मिळायला पायजे होता." बघा. दोन घटकांची ओळख असलेली बाई. तिला दिसलं ते. तुम्ही पुढच्या सोप्यात माणिकरावांना पाळीचा वाद समजावून सांगत होतात.

मी पाणी भरायच्या निमित्तानं तुम्हाला मागं बोलावलं. आवाज चढवला नाही, परक्याचं घर होतं. म्हणाले, "तुम्ही बोलला होतात."

"काय?"

"हॉटेलाचं."

तुम्ही इकडंतिकडं बघितलंत. "अगं, विचार केला मी. हॉटेलात सोवळं-ओवळं काही असतं का? कोण शिजवतं, कोण वाढतं. देवीला अभिषेक करणारे हात आपले. उद्या कळलं तुळजापुरात, तर कोण पूजा सांगायला बोलावील? तू समजूतदार आहेस."

तुमचं हे 'समजूतदार' मला माहेरच्या दागिन्यांपेक्षा जड झालं आहे. मी समजून घेतलं आणि चूल पेटवली. दुसऱ्या दिवशी माणिकरावांच्या भावकीत कळलं की देवीच्या गावच्या उपाध्येबाई आल्यात. मग सगळ्यांनाच माझ्या हातचं पुरण प्रसाद म्हणून पाहिजे झालं. आपल्या हातचं त्यांना चालतं, हा त्यातला आणखी एक विनोद. गंगाबाई म्हणाल्या, नको, काकू दमल्यात. आणि ओट्यावरून तुमचा आवाज आला. "करेल की ती."

हैदराबाद शहरात मी पुरण वाटलं. चारमिनार मी बघितला तो परतीच्या आदल्या दिवशी, आणि बघताना माझ्या बोटांना डाळीचा वास येत होता.

त्या दिवशीचं खरं खरं सांगते, गोडही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल एकांगी लिहिलं. लाडबाजारात तुम्ही बांगडीवाल्याच्या फळीपुढं मांडी घालून बसलात. पुरुषमाणूस असून कंटाळला नाहीत. लाखेच्या हिरव्या बांगड्या, बारीक आरसे लावलेल्या, तुम्ही स्वतः निवडल्यात. बांगडीवाल्यानं लाख शेकून माझ्या मनगटाच्या मापाची केली, तर तुम्ही त्याला म्हणालात, "भाई, हळू. हात भाजलेला आहे." ते मी विसरले नाही. त्या बांगड्या तुम्ही गेलात त्या दिवशी बायकांनी माझ्या हातातून काढून फोडल्या. फुटता फुटत नव्हत्या, लाखेच्या होत्या.

तिथून सुलतान बाजारात आलो. एका दुमजली इमारतीपुढं मी थांबले. आतून तुपात जिरं तडतडल्याचा वास. एक जोडपं बाहेर आलं, चांगलं घरंदाज. बाई रुमालानं ओठ टिपत होती. तिच्या तोंडावर जे सुख होतं ते मी देवळातही कुणाच्या तोंडावर फारसं बघितलेलं नाही. पुढं गल्ल्यावर कपाळाला गंध लावलेला जाडसर माणूस बसला होता. त्यानं तुम्हाला बघितलं आणि हसून हात वर केला. "बर्री महाराज, बर्री," म्हणाला. कानडीत या म्हणतात एवढं मला नळदुर्गच्या यजमानांमुळं कळत होतं. तुम्ही मान वळवून चालू लागलात.

"ओळखतो का तो तुम्हाला?" मी विचारलं.

"गिऱ्हाईक दिसलं की सगळ्यांनाच बोलवतात," तुम्ही म्हणालात. "चल, काय बघायलीस. बायकांनी असं हॉटेलापुढं उभं राहणं बरं दिसत नाही."

परतीच्या गाडीत तुम्ही दोनदा विचारलंत, रागावलीस का. वाडी गेल्यावर म्हणालात, "पुढच्या खेपेला नक्की." मग पुढची खेप आलीच नाही. पेश्या येत राहिल्या, तुम्ही जात राहिलात, मला कधी बाळंतीण सून होती, कधी नवरात्र होतं. आणि परत आलात की हातपाय धुऊन पानावर बसायचात, वरणाचा पहिला घास घ्यायचात आणि म्हणायचात, "काही म्हण, घरच्या वरणाची सर कशालाच नाही." मी विरघळायची. वाटायचं, बिचारे, यजमानाच्या पडवीत कसंबसं हातानं भात शिजवून खाल्ला असेल.

तुम्हाला भात शिजवता येत नाही, हे मला ठाऊक होतं की. मी विषमज्वरात पडले होते तेव्हा तुम्ही एकदा खिचडी टाकली होतीत. भांड्याचं बूड गेलं आणि तुम्ही चुलीपुढं लाजून बसला होतात. मग इतक्या वर्षांत हैदराबादेत तुम्ही काय खात होतात, हा प्रश्न मला कधी पडलाच कसा नाही? नवऱ्यावर विश्वास ठेवणाऱ्या बाईचं डोकं असं बधिर होतं.

रंगनाथराव आले ते तुमचं पहिलं मासिक श्राद्ध झाल्यावर. सरकारी शाळेतले मास्तर, तुमचे जिवाचे मित्र, उर्दू अर्ज लिहून द्यायला प्रत्येक पेशीला तुमच्याबरोबर असायचे. मला बरं वाटावं म्हणून आठवणी सांगायला लागले. "वहिनी, नाना लई शौकीन माणूस. सुलतान बाजारात त्या कानडी रायराच्या हॉटेलात मागच्या अंगाची खोली त्यांची ठरलेली. रस्त्याकडची नको म्हणायचे, टांग्यांचा खडखडाट. ताट आलं की आधी पापड मोडायचे. वाढप्या न विचारता तूप वाढायचा त्यांना. जेवून उठले की म्हणायचे, मास्तर, माणसानं असं आयतं जेवावं एखाद वेळेस, जीव निवतो."

मी दाराआड बसले होते. विचारलं, "कधीपासूनचं हे?"

"आता लई वर्षं झाली. वाद सुरू झाल्यापासूनचंच."

"मग आम्ही गेलो तेव्हा माणिकरावांकडं का उतरलो?"

मास्तर साधा माणूस. त्यांना वाटलं मी सहज विचारतेय. "तुम्ही बरोबर होता की, वहिनी," ते म्हणाले. "घरच्या हातचं मिळत असल्यावर हॉटेलचं पाणचट कोण खातंय?"

सोवळं नव्हतं तर. देवी नव्हती, अभिषेक नव्हता, माणिकरावांचं मन नव्हतं. मी बरोबर होते, एवढंच कारण. तुम्ही एकटे असलात की हॉटेल चालायचं, आणि मी बरोबर असले की तुम्हाला धर्म आठवायचा. मला चुलीपासून चार दिवस सोडवायला म्हणून नेलंत आणि चूलच बरोबर नेल्यासारखं नेलंत.

तुम्ही हॉटेलात जेवलात याचा मला राग नाही. शंभर वेळा जेवला असतात. आयतं जेवल्यावर जीव निवतो हे तुम्हाला माहीत होतं, याचा राग आहे. न कळणाऱ्या माणसाला मी माफ केलं असतं. सासूबाईंना कधी कळलं नाही, त्यांना मी केव्हाच माफ केलं. पण तुम्ही ती चव घेऊन यायचात, त्या समाधानानं ओट्यावर बसून गावाला सांगायचात, कुठं वरण पाणचट आणि कुठं फुलके गरम, आणि आत मी गार भात खात असायची. मधे एक भिंत होती, नाना. तिच्या अलीकडं येऊन एकदा म्हणायचं होतंत, बस तू, आज मी वाढतो. शिजवायला नसतं सांगितलं मी. नुसतं वाढायचं होतं.

तुमच्या हयातीत मी तुम्हाला नावानं हाक मारली नाही. आता मारते. कोण अडवणार आहे?

वामनला विचारलं. तो जानवं कानावर चढवून न्हाणीकडं चालला होता, मी मधेच गाठलं. "तुला ठाऊक होतं?" तो थांबला. मग म्हणाला, "मी गेलो होतो न एकदोनदा नानांबरोबर. तिथंच जेवलो." म्हणजे घरात मी एकटीच सोवळ्यात होते.

तुमच्यानंतर पाळी वामनच्या नावावर चढवायची, तर मलाही हैदराबादला जाऊन अधिकाऱ्यासमोर सही करायला पाहिजे, असं कचेरीतल्या मुन्शीनं कळवलं. मी अंगठा देत नाही, सही करते, याचा त्याला अचंबा वाटला म्हणे. ही तुमची पुण्याई, ती मी नाकारत नाही. माणिकरावांचा निरोप आला, काकूंनी आमच्याकडंच उतरायचं. वामननं गृहीत धरलं होतं. मी म्हणाले, "आपण हॉटेलात उतरायचं."

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आई, तू आता अशी. वर्षसुद्धा झालं नाही. लोक काय म्हणतील?"

"तुझे वडील जेवत होते तेव्हा काय म्हणाले लोक?"

"त्यांची गोष्ट वेगळी."

"ती कशी वेगळी ते सांग. मी बसते, सावकाश सांग."

सून चुलीपुढं बसून ऐकत होती. ती म्हणाली, "जाऊ द्या की त्यांना." एवढंच म्हणाली आणि पुन्हा भाकरी उलटायला लागली. तिचा आवाज ऐकून मला वाटलं, हिनंही काहीतरी मनात ठेवलं आहे. आल्यावर विचारीन.

गल्लीत बभ्रा झालाच. दुर्गाकाकूंनी या खेपेला पदर तोंडाला लावला नाही, दार लावून घेतलं. गाडीनं हैदराबादला पोचलो. सही झाली. अधिकाऱ्यानं कागद उलटा करून सही दोनदा बघितली. बाहेर आल्यावर वामननं शेवटचा प्रयत्न केला, "आई, गौलीपुरा जवळच आहे इथून." मी टांग्यात बसले आणि मीच टांगेवाल्याला सांगितलं, सुलतान बाजार.

गल्ल्यावर तोच माणूस, केस पांढरे झालेले. वामनला त्यानं ओळखलं. मागं बघितलं, तुम्हाला शोधत असणार. मग माझ्या अंगावरची साडी बघितली, माझं कपाळ बघितलं, आणि उठून उभा राहिला. छातीला हात लावला. "महाराज गेले?" म्हणाला. वामननं मान हलवली.

तो माझ्याकडं वळला, पण बघत जमिनीकडं होता. "अव्वा, महाराज लई जेवायचे इथं. पण आमच्या आमटीला नेहमी नावं ठेवायचे. म्हणायचे, रायर, माझ्या घरी येऊन एकदा वरण खा, मग तुम्ही हे हॉटेल बंद करून टाकाल."

तुम्ही त्या परक्या माणसाला हे सांगत होतात. शहरात, आयतं जेवताना, माझं नाव काढत होतात. मला यातलं निम्मं जरी ऐकवलं असतंत. 'घरच्या वरणाची सर नाही' हे मी आजवर हॉटेलाचं पाप लपवायला केलेली गोड थाप समजत होते, निदान रंगनाथराव आल्यापासून तसं समजत होते. थाप नव्हती ती. म्हणजे मी कोण आहे हे तुम्हाला नीट कळत होतं, आणि तरीही तुम्ही मला चुलीपुढून उठू दिलं नाहीत. हे कळल्यावर राग शांत व्हायला हवा होता. तो वाढला. तुमच्यावर इतका राग आणि तुमची इतकी आठवण मला एका वेळी कधी आली नव्हती.

पडद्याच्या खोलीत बसवलं आम्हाला. वामन म्हणाला, मी बाहेर बसतो, लोक बघतात. बस म्हणाले. तुम्ही बसायला हवं होतं ती समोरची खुर्ची रिकामी राहिली. वयस्क वाढप्या ताट घेऊन आला. भात, आमटी, बटाट्याची भाजी, दोन फुलके, पापड. वाफ येत होती. मी आमटी भुरकली. तुमचं खरं होतं, पाणचटच होती, फोडणीत हिंग नावाला. मी ती सगळी खाल्ली. रडत खाल्ली, रागानं खाल्ली, पण गार होऊ दिली नाही.

वाढप्या पडदा सारून आत आला. हातात आमटीचं भांडं होतं. ताट रिकामं बघून त्यानं विचारलं, "अव्वा, आणखी वाढू?"

लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून हे मी सगळ्या जगाला विचारत आले. मला कुणी विचारलं नव्हतं, नाना. तुम्हीसुद्धा नाही.

मी त्याला म्हणाले, "वाढ."